७१ तासांची चाचणी, ९६ तासांची सही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे का हे तुम्हालाही दिसेल. लेप दिलेल्या सुट्या भागांच्या चाचणी प्रयोगशाळेत तुम्ही चार वर्षं काम करता. ग्राहकाशी ठरलेली मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, म्हणजे लेप गंजाला किती तास तोंड देतो ते बघणारी आपली सॉल्ट स्प्रे टेस्ट, ९६ तासांची आहे. ७१व्या तासाला चेंबरचा हीटर बंद पडला. तोवर नमुन्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. माल उद्या निघायचा आहे. साहेब म्हणाले, "७१ला काही नाही म्हणजे ९६लाही नसणार. रिपोर्ट भरून टाक, सही कर." साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, तुम्हाला काम त्यांनीच शिकवलं. घर तुमच्या पगारावर चालतं. गेल्या महिन्यात असाच एक रिपोर्ट तुम्ही भरून दिलात आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही. तुम्ही विचारता, हे खरंच इतकं चूक आहे का, आणि असेल तर मी काय करायचं?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे, नाहीतर झोप उडाली नसती. सत्तावीस वर्षं गुणवत्ता आणि अंतर्गत लेखापरीक्षणात काढल्यावर मी एवढं खात्रीनं सांगू शकते की कामाच्या ठिकाणी नैतिक पेच म्हणून जे समोर येतं त्यातल्या बहुतेक वेळी माणसाला बरोबर काय ते कळत असतं. पेच पुढे सुरू होतो: हे कुणाला सांगू, कोणत्या शब्दांत सांगू, त्याची किंमत किती पडेल, आणि ती द्यायची माझी ऐपत आहे का. त्यामुळे मी त्याच भागावर बोलते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. हा भाग कशात बसतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो शोभेच्या पट्टीत बसत असेल तर लेप लवकर गेल्यानं डाग पडेल. ब्रेकच्या जोडणीत बसत असेल तर माणूस मरू शकतो. तुमच्या ग्राहकाच्या करारात काय आहे, तुमच्या देशाचा कायदा तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला किती संरक्षण देतो, तुमच्या घरी किती महिने पगाराविना निभेल, हे मला माहीत नाही. म्हणून "नोकरी सोडा" किंवा "वर तक्रार करा" असं मी सांगणार नाही. पण सहीबद्दल मात्र माझं मत परिस्थितीप्रमाणे बदलत नाही.

आपण ज्याला फॉर्मॅलिटी म्हणतो ती सही म्हणजे साक्ष असते. रिपोर्ट वाचणारा माणूस चेंबरपाशी उभा नव्हता. तो तिथे नव्हता म्हणूनच त्याला कुणाची तरी सही लागते. तुमची सही त्याला सांगते, "मी पाहिलं." तुमच्या साहेबांचा अंदाज कदाचित बरोबरही असेल, ७१ तास स्वच्छ राहिलेला लेप ९६ तास टिकू शकतो. पण अंदाज हा अंदाज म्हणून लिहायचा असतो. तो निरीक्षण म्हणून लिहिला की खोटं तिथेच घडलं, पुढे माल चांगला निघो वा वाईट. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत कलम ८.६ म्हणतं की ठरलेल्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय माल सोडायचा नाही, आणि सोडण्याची परवानगी कोणी दिली त्याचा माग नोंदीतून लागला पाहिजे. हा माग शेवटी एका नावापाशी येऊन थांबतो. आज ते नाव तुमचं आहे.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण तुमची गेल्या महिन्याची सही वाचून मला ती आठवली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत होते. चाळीस व्हॉल्व्हचा लॉट, प्रत्येकाची पाण्याच्या दाबाखाली गळतीची चाचणी. अडतीस झाले आणि पंपाचं सील गेलं. सुपरवायझर म्हणाले, अडतीस पास झालेत, दोनानं काय होतंय. मी चाळीसवर सही केली. त्या दोन व्हॉल्व्हचं पुढे काहीही झालं नाही, निदान माझ्या कानावर काही आलं नाही. आणि नुकसान झालं ते नेमकं यातूनच. पुढच्या महिन्यात सहा व्हॉल्व्ह राहिले तेव्हा कुणी मला विचारलंसुद्धा नाही, कागद समोर सरकवला. मग एके दिवशी हाताखालचा नवा मुलगा दाबाचे आकडे गेजकडे न बघता रकान्यात भरताना दिसला. मी ओरडले. तो भांबावून म्हणाला, "पण मॅडम, इथे असंच भरतात ना?" तो खोटं बोलत नव्हता. त्यानं मला पाहून काम शिकलं होतं. त्या वाक्यानंतर मी कागद पुन्हा तसा भरला नाही, पण त्या मुलाला मी जे शिकवलं ते पुसायला मला वर्ष लागलं.

हे मोठ्या ठिकाणीही असंच घडतं. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत ऑक्टोबर २००० मध्ये लेखाविभागातल्या मधल्या फळीतल्या एका बाईला ८२ कोटी ८० लाख डॉलरच्या खोट्या नोंदी करायला सांगितलं गेलं. तिनं आधी नकार देण्याचा विचार केला, राजीनाम्याचं पत्रही लिहिलं. वरच्यांनी समजूत काढली की एवढी तिमाही निभावू दे. ती थांबली. त्यानंतरच्या तिमाह्यांनाही नोंदी झाल्या, आणि २००५ मध्ये तिला पाच महिन्यांची कैद झाली. ती सराईत गुन्हेगार नव्हती. घर चालवणारी, प्रामाणिक म्हणून ओळखली जाणारी बाई होती. मला तिच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते राजीनाम्याचं न दिलेलं पत्र. बरोबर काय ते तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं; "एवढ्या वेळेपुरतं" या शब्दांनी ते हळूहळू तिच्या हातातून काढून घेतलं.

तुमच्या साहेबांकडे येऊ. ते चांगले आहेत हे मी मान्य करूनच बोलते, कारण घाईत असलेला माणूस आणि वाईट माणूस यांची गफलत केली की संवादच बिघडतो. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला ठेवला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी थांबून मदत केली. "उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के थांबले. श्रद्धा, स्वभाव, अभ्यास, यांपेक्षा घड्याळ जड ठरलं. डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या साहेबांच्या डोक्यात तेच घड्याळ वाजत असतं. म्हणून माझा पहिला प्रयत्न नेहमी घाई मोडण्याचा असतो. माणूस मोडायला मी जात नाही.

कसा, ते सांगते. अशा विनंत्या कधीच स्पष्ट शब्दांत येत नाहीत. "जरा ॲडजस्ट कर", "बघून घे", "मॅनेज होईल ना?" हे शब्द मुद्दाम गुळगुळीत असतात, कारण सांगणाऱ्यालाही स्वतःचं म्हणणं ऐकायचं नसतं. त्यांचं साध्या शब्दांत भाषांतर करून, आवाज न चढवता, परत विचारा: "साहेब, म्हणजे चाचणी ७१ तासांना थांबली असताना मी ९६ तास पूर्ण असं लिहू?" माझ्या अनुभवात बऱ्याचदा विनंती इथेच मागे घेतली जाते. हे चारचौघांत विचारू नका. केबिनमध्ये, दोघंच असताना विचारा. इतरांसमोर विचारलंत तर ते स्वतःची बाजू राखायला लागतील आणि विषय चाचणीवरून अधिकारावर जाईल.

लगेच पुढचं वाक्य तयार ठेवा, कारण नुसता नकार घेऊन साहेबांकडे गेलात तर त्यांची अडचण तशीच राहते आणि तुम्ही तिच्यात भर घालता. मी असं म्हणेन: "७१ तासांचा रिपोर्ट मी अर्ध्या तासात देते. खंड का पडला तेही त्यात लिहिते. ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं करायची परवानगी, घेऊ, मेलचा मसुदा माझ्याकडे तयार आहे." हे पळवाट काढणं नव्हे. सॉल्ट स्प्रेच्या एएसटीएम बी११७ या मानकातच सांगितलंय की चाचणीत खंड पडला तर त्याचं कारण आणि कालावधी अहवालात नोंदवायचा. म्हणजे खरा रिपोर्ट लिहिण्याची जागा आधीपासून आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. आणि मी वर सांगितलेल्या कलम ८.६ मध्येच ही सोयही आहे: योग्य अधिकाऱ्यानं आणि लागू असेल तिथे ग्राहकानं मंजुरी दिली तर तपासणी पूर्ण होण्याआधीही माल सोडता येतो. ग्राहक कधी म्हणेल, पाठवा, पूर्ण ९६ तासांचा निकाल नंतर द्या. कधी म्हणेल, थांबा. दोन्ही वेळी निर्णय त्या माणसाकडे गेला ज्याचा तो होता. खोट्या रिपोर्टनं आपण त्याचा हाच हक्क काढून घेतो, आणि मला तरी हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

बोलणं झाल्यावर चार ओळींचा मेल करा. "आपल्या चर्चेनुसार ७१ तासांचा अहवाल जोडला आहे, ग्राहकाच्या मंजुरीची वाट पाहत आहे", बस. आरोप नको, धमकी नको, वरच्यांना सीसी नको. त्याच दिवशी काय झालं ते तारीख-वेळेसह स्वतःसाठी लिहून ठेवा. मात्र कंपनीचे कागद किंवा फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका. पुढे प्रकरण वाढलं तर तुमच्या खरेपणापेक्षा त्या फाइल्सचीच चर्चा होते. तशी गरज वाटली तर आधी वकिलाला विचारा.

एकटे जाऊ नका, हेही सांगायचं राहिलं. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे १९६०च्या दशकातले आज्ञापालनाचे प्रयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात: समोरच्याला विजेचे झटके देतोय असं वाटत असूनही चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग कमी लोक सांगतात. त्यात शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी मध्येच नकार दिला. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे चाळीसपैकी चारच उरले. प्रयोगशाळेत तुमच्यासारखंच वाटणारं कुणीतरी नक्की असेल. साहेबांकडे जाण्याआधी त्याच्याशी फक्त बोला. त्यानं तुमच्यासोबत यायलाच हवं असं नाही.

समजा, एवढं करूनही साहेब म्हणाले, "ठीक आहे, तू नको करू, मी सही करतो." इथे बरेच लोक गोंधळतात, म्हणून माझ्या डोक्यातली विभागणी सांगते. स्वतः खोटं न लिहिणं, दुसऱ्याचं खोटं थांबवणं आणि ते बाहेर जाऊन सांगणं, ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांचं ओझं सारखं नाही. पहिलं सर्वस्वी तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून तिथे मी सवलत देत नाही. दुसऱ्यात तुमचं पद, तुमचे पुरावे आणि होणारं नुकसान बघावं लागतं. साहेबांनी सही केली आणि भाग शोभेचा असेल, तर गुणवत्ता प्रमुखांना एकदा सांगून तुम्ही थांबलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. भाग कुणाच्या जिवाशी जोडलेला असेल तर मात्र एकदा सांगून थांबणं पुरत नाही. वरचा ऐकेना तर त्याच्या वरचा, मग अंतर्गत लेखापरीक्षण, मग संचालकांची समिती. तिसरं, नियामकाकडे किंवा ग्राहकाकडे परस्पर जाणं, हे सगळ्यात जड. आतले सगळे रस्ते बंद झाले आणि माणसं धोक्यात असली तरच, तेही कायद्याचा सल्ला घेऊन.

वर्ल्डकॉममध्येच दुसरी बाजूही घडली. तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांना आकड्यांत गडबड दिसली तेव्हा वित्तप्रमुखांनी त्यांना तपासणी पुढे ढकलायला सांगितलं. त्यांनी ढकलली नाही. त्यांच्या चमूनं रात्री थांबून नोंदी तपासल्या आणि जून २००२ मध्ये ३८० कोटी डॉलरचा घोटाळा संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे ठेवला. कूपर रस्त्यावर उतरल्या नाहीत, समितीकडे गेल्या. माझ्या कामात या गोष्टीचा मला फार आधार वाटतो: आतला योग्य दरवाजा शोधायला वेळ लागतो, पण तो पुष्कळदा असतो.

आणि तरीही सगळं सुरळीत होईल असं वचन मी देणार नाही. २७ जानेवारी १९८६च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं की सुमारे १२ अंश सेल्सियसखाली उड्डाण करू नका, थंडीत सांध्यांची रबरी कडी नीट बसणार नाही. दबाव आला, कंपनीच्या व्यवस्थापनानं आपलं मत फिरवलं. उड्डाणतळावर असलेले कंपनीचे वरिष्ठ प्रतिनिधी ॲलन मॅकडोनल्ड यांनी मंजुरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. सही दुसऱ्यानं केली, कागद फॅक्सनं आला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. चौकशीत खरं सांगितल्यावर मॅकडोनल्ड यांना कंपनीनं बाजूला सारलं. अमेरिकी काँग्रेसच्या दबावानंतर त्यांना परत घेतलं, आणि त्याच सांध्यांची नवी रचना करण्याच्या कामाचे ते प्रमुख झाले. त्यांच्या नकारानं यान वाचलं नाही. पण त्या रात्री नेमकं काय झालं हे चौकशी समितीला सांगू शकेल असा माणूस उरला, आणि सांधा दुरुस्त करण्यावर ज्याचा विश्वास ठेवता येईल असाही.

साहेबांनी तुम्हाला शिकवलं, त्यामुळे नकार देताना कृतघ्न वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाटणं खरं आहे, ते झटकून टाका असं मी म्हणणार नाही. पण आठवून बघा, त्यांनी तुम्हाला काय शिकवलं होतं: नमुना कसा लावायचा, द्रावण कसं तपासायचं, आकडा दिसेल तसा लिहायचा. त्या शिकवणीचं ऋण तुम्ही आज त्यांच्याच विरुद्ध उभं राहून फेडताय असं वाटेल. वेळ पडली तर त्यांना हे बोलूनही दाखवा. "तुम्हीच शिकवलंत" या शब्दांनी एका वरिष्ठाचे डोळे खाली गेलेले मी पाहिले आहेत.

मध्येच एक सावधगिरी. नैतिकतेचा विचार सुरू झाला की प्रत्येक गोष्टीत खोट दिसायला लागते, तसं होऊ देऊ नका. मानकात सांगितल्याप्रमाणे आकडा पूर्णांकात लिहिणं ही फसवणूक नाही. यंत्र बिघडलं म्हणून कारण नोंदवून चाचणी पुन्हा घेणं योग्यच आहे. नापास नमुना फेकून पास होईपर्यंत नवे नमुने लावत राहणं आणि शेवटचाच निकाल लिहिणं, हे मात्र खोटं आहे, जरी त्यातला एकही आकडा बनावट नसला तरी. फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: मी काय केलं हे रिपोर्ट वाचणाऱ्याला पूर्ण कळलं तर तो वेगळा निर्णय घेईल का? उत्तर "हो" असेल तर ते त्याच्यापासून लपवता येत नाही.

राहिला गेल्या महिन्याचा रिपोर्ट. तुम्ही त्याबद्दल शेवटी एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं प्रश्न तिथूनच आला आहे. तो दुरुस्त करता येतो. जुन्या कागदावर खाडाखोड किंवा मागची तारीख मात्र अजिबात नको, त्यानं एकाची दोन खोटी होतात. उशिरा केलेली नोंद आजच्या तारखेनं, उशीर का झाला ते लिहून, स्वतःच्या सहीनं करायची असते. त्या लॉटचा क्रमांक काढा, माल कुठे गेला आणि किती वापरला गेला ते बघा. मग साहेबांना सांगा की तो रिपोर्ट दुरुस्त करायचा आहे आणि ग्राहकाला कळवायचं आहे. कदाचित हे बोलणं आजच्या नकारापेक्षा अवघड जाईल, कारण यात चूक तुमचीही आहे. "मी सही करायला नको होती" हे वाक्य आधी म्हणा, म्हणजे साहेबांना तुमच्यावर ते फेकावं लागणार नाही. आणि हे बोलायला जाण्याआधी एक काम करा: त्या लॉटचे राखीव नमुने कपाटात असतील, तर हीटर दुरुस्त होताच ते चेंबरमध्ये लावा. ९६ तास म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी तुमच्या हातात खरा आकडा असेल.